हितं माणसं मिळत न्हाईत व्हय?

मे महिन्यातला शनिवार. डेट्रॉइटच्या वायव्येला नोव्हाय नावाचं उपनगर आहे, तिथल्या आमच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेवर पुठ्ठा अंथरून मी गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसलो होतो. ऊन पडलं होतं, पण इथलं मे महिन्यातलं ऊन नुसतं दिसायला असतं. आई गॅरेजच्या दारात आली. साडीवर माझं जुनं हिवाळी जॅकेट, पायात बायकोचे मोजे आणि स्लिपर, हातात चहाचा कप. कप कुठं ठेवावा हे तिला कळेना, कारण माझ्या भोवतीनं सगळे पाने, सॉकेट आणि फडकी पसरलेली. ती बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. मग म्हणाली, "हितं माणसं मिळत न्हाईत व्हय रं?"

मी हसलो. "मिळतात की. महाग पडतात," असं म्हणून कप तिच्या हातातून घेतला. पांढऱ्या कपाच्या कानावर माझ्या बोटाचा काळा ठसा उमटला. तिनं तो पाहिला, मी तिला पाहताना पाहिलं, आणि विषय तिथं संपला.

म्हणजे तिच्यापुरता संपला.

आवाज तसा जानेवारीपासून होता. चाळीस मैलांच्या पुढं गेलं की खालून एक जाडसर घूं सुरू व्हायचा आणि वेग वाढेल तसा चढत जायचा. सुरुवातीला मी त्याचा दोष बर्फाच्या टायरांना दिला. त्यांच्या खोल खाचा वाजतात, हे खरंच आहे. मग रस्त्याला दिला. मिशिगनचा हिवाळा ओसरताना दिवसा वितळलेलं पाणी डांबराच्या भेगांत शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि आठवड्याभरात रस्त्याला परातीएवढे खड्डे पडतात. असल्या रस्त्यावर कुठली गाडी गप्प बसेल? आणि तिसरा उपाय मी केला तो सांगायला लाज वाटते. रेडिओचा आवाज वाढवला. रोज एक-एक घर वाढवत गेलो असणार, कारण एप्रिलमध्ये बायको एकदा गाडी घेऊन गेली आणि परत आल्यावर म्हणाली, "गाडी सुरू केली तर बातम्या अंगावर धावून आल्या. तू बहिरा झालायस का?" टायर बदलून झाले होते, रस्ते बुजवून झाले होते. आवाज होता तिथंच होता, मलाच तो ऐकू येईनासा झाला होता.

तो ऐकू आला आईला. तिला विमानतळावरून आणताना आय-२७५ वर ती पदर कानाशी नेत म्हणाली, "इमानातनं उतरले तरी कानातनं इमान जाईना." वीस तासांचा प्रवास करून आलेलं माणूस, मी म्हटलं, जाईल दोन दिवसांत. दोन दिवसांनी तिला किराणा घ्यायला नेलं. ती मागं बसली होती. मधेच पुढं वाकली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "ह्या गाडीचं जातं झालंय. काय दळतुयास?"

जातं हाच शब्द बरोबर होता. त्यात दोन दगडांमध्ये जोंधळे असतात, इथं, म्हणजे चाकाच्या बेरिंगमध्ये, दोन पोलादी कड्यांमध्ये छर्रे. फरक इतकाच, की छर्रे दळले जाणं अपेक्षित नसतं.

मग मात्र मी रेडिओ बंद करून नीट कान दिला. साठाच्या वेगात गिअर न्यूट्रलला टाकला. इंजिनाचा आवाज खाली आला, घूं तसाच राहिला. म्हणजे इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, जे फिरतंय ते चाकापाशी. मोकळ्या रस्त्यावर हलकेच उजवीकडं वळवली, तर आवाज दाटला. डावीकडं वळवली, तर जवळजवळ विरघळला. उजवीकडं वळताना गाडीचं वजन डाव्या चाकावर कलतं, त्यामुळं ओरडणारं बेरिंग डावीकडचं. घरी येऊन जॅकवर चढवली, एका हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरली आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. स्प्रिंगमधून बारीक थरथर हातात आली, मुठीत वाळू धरून कुणी हलवावी तशी. उजव्या चाकाला तसं काही नव्हतं. आजाऱ्याची नाडी बघितल्यासारखं वाटलं आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार छान वाटलं.

गॅरेजवाल्यानं सुटा भाग आणि मजुरी धरून ५४० डॉलर सांगितले. भाग मला बाहेर १३० ला मिळत होता. डॉलरला रुपयांनी गुणायची सवय इथं आल्यावर दोन-तीन वर्षांत जाते असं सगळे सांगतात, पण आई घरात असली की ती परत येते. तिनं विचारलं, मी सांगितलं. पंचेचाळीस हजार हा आकडा तिनं मनातल्या मनात कशाकशाशी लावून पाहिला कुणास ठाऊक, पण रात्री बायकोला म्हणाली, "तेवढ्यात तर अख्खी गाडी उघडून परत बांधत्यात." म्हणजे महाग पडतात हे माझं उत्तर तिला आधीच ठाऊक होतं. तरीही तिनं तो प्रश्न विचारला होता. म्हणून तो टोचत राहिला असावा.

आधी मधला मोठा नट. चाक ज्यावर बसतं आणि ज्याच्या पोटात बेरिंग असतं ते हब अॅक्सलच्या टोकावर आवळून धरणारा, बत्तीसचा. तो चाक जमिनीवर असतानाच ढिला करावा लागतो, आणि त्या वेळी कुणीतरी ब्रेक दाबून धरलेला असला तर बरं. बायको मुलीला क्लासला घेऊन गेली होती. घरात एकच माणूस मिळत होतं.

आई ड्रायव्हरच्या सीटवर बसली, तर पाय पोचेनात. सीट पुढं घेतली. तिनं स्लिपर काढून बाहेर नीट जोडीनं ठेवल्या, देवळात जाताना ठेवतात तशा. मग खाली वाकून बघत म्हणाली, "दोनच हाईत की. तिसरं कुठं गेलं?" सगळा जन्म एसटीत पहिल्या बाकावर बसून प्रवास केलेली बाई, तिचं पेडलांवर लक्ष असणारच. मी म्हटलं, हितं दोनच, तू रुंदवालं दाब. तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, समोर बघितलं, आणि ठेवला पाय.

नटाची दुमडलेली कड मी छिन्नीनं आधीच सरळ केली होती. सॉकेट बसवलं, लांब दांडा लावला, दांड्यात लोखंडी पाइप घालून तो आणखी लांब केला आणि जोर दिला. काही नाही. दोन्ही हातांनी दिला. काही नाही. शेवटी उभा राहून पाइपच्या टोकावर एक पाय ठेवला आणि अंगाचं वजन टाकलं. कडाड्! पाइप खाली गेला, मी गाडीच्या बॉनेटवर आदळलो, आतून आई ओरडली, "मोडलं?" मी म्हटलं, नाही, सुटला. मग चाकाचे नट ढिले केले, जॅक लावला, गाडी उचलली, खाली स्टँड सरकवले. पाच-सात मिनिटं तरी गेली असतील. चाक काढून गॅरेजमध्ये ठेवायला उठलो, तर आई तशीच समोर बघत बसलेली. "सोडू का आता?" तिनं विचारलं.

सोड म्हणायचं मी विसरलो होतो.

कराडला कोल्हापूर नाक्याजवळ एक गॅरेज होतं. पुढं पत्र्याची शेड, मागं बाभळ, जमीन इतक्या वर्षांच्या तेलानं काळी आणि घट्ट झालेली, की पावसाळ्यात तिथं पाणी मुरायचं नाही, नुसते इंद्रधनुष्याचे तवंग फिरत राहायचे. बाबांची बजाज स्कूटर तिथं जायची. १९८८-८९ चा काळ असेल, मी सहावीत होतो. बाबा जिल्हा परिषदेत क्लार्क. स्कूटर लावली की ते बरोब्बर दोन पावलं मागं सरकून उभे राहायचे आणि मला खांद्याला धरून आणखी एक पाऊल मागं घ्यायचे. "लांब उभा राहा, हात काळे होतील." मिस्त्रीशी बोलताना त्यांचे हात पाठीमागं बांधलेले असायचे. पैसे देतानाही नोट मिस्त्रीच्या हातात न देता सीटवर ठेवायचे, आणि मिस्त्रीही ती फडक्यानं बोटं पुसून मगच उचलायचा. यात कुणाचा अपमान होतोय असं मला तरी तेव्हा वाटलं नाही. बाबांना आणि मिस्त्रीला तरी वाटत होतं का, हे आता विचारायला दोघंही नाहीत.

तिथं एक बारक्या होता. प्रत्येक गॅरेजला एक बारक्या असतो. तेराचा पाना आण, डिझेलमध्ये धू, चहा सांग, हे पकड, ते सोड. तो माझ्याच वयाचा, कदाचित वर्षानं मोठा. त्याच्या अंगात कुणाची तरी शाळेची खाकी चड्डी होती, पण शाळा नव्हती. त्याच्याशी माझी जी काही ओळख झाली ती बेरिंगमुळं. आमच्या कॉलनीत तेव्हा बेरिंगच्या गाड्यांची साथ आली होती. एक फळी, मागं आडव्या दांड्याला दोन बेरिंगं, पुढं वळणाऱ्या दांड्याला एक, दोरीचा लगाम, झाली गाडी. डांबरी उतारावर सोडली की असा आवाज यायचा, की कॉलनीतल्या दुपारी झोपणाऱ्या सगळ्या काकू एकदम गॅलरीत. फळी मिळायची, दांडा मिळायचा, पण बेरिंग कुठलं मिळणार? ज्याच्याकडं बेरिंग तो राजा. मी धीर करून बारक्याला विचारलं. त्यानं मिस्त्रीकडं एकवार बघितलं, शेडच्या मागं गेला आणि भंगारातून तीन काढून आणली. दोन सारखी, कुठल्या तरी गिअरबॉक्समधली, आणि एक जरा मोठं, पाण्याच्या मोटारीचं. डिझेलमध्ये धुवून, बोटात घालून फिरवून दाखवली. ती खरखरत होती, म्हणून तर भंगारात गेली होती. त्यानं पैसे मागितले नाहीत. म्हणाला, "मला एक फेरी दे."

गाडी झाली. फार भारी झाली. महिनाभर मी तिच्यावरून उतरलोच नाही. एका रविवारी बारक्या आला. गॅरेजला सुट्टी असावी, पण हात-पाय, चड्डी, सगळं नेहमीसारखंच. उताराच्या माथ्यावर पोरांच्या मागं जरा लांब उभा राहिला. माझी फेरी झाली, मी गाडी ओढत वर आलो, तो पुढं झाला. आणि मी त्याला म्हणालो, "फळीला ग्रीस लागेल."

एवढंच म्हणालो. नको म्हणालो नाही, हाकललं नाही. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. नंतर गॅरेजमध्ये दिसायचा, पाना आणायचा, पाना द्यायचा. त्याचं खरं नाव काय, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

चाक निघालं. ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेनं स्प्रिंगला टांगला, नळीवर वजन येऊ नये म्हणून. डिस्क दोन ठोक्यांत निघाली. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर नाजूक असतो, तो देवाचं नाव घेऊन काढला. हबला मागून धरणारे चार बोल्ट कुरकुरत का होईना फिरले. आता हब हातात यायला हवं. ज्या व्हिडिओवरून मी हे सगळं करत होतो, त्यातल्या माणसानं तळहातानं एक थाप मारली होती आणि ते पिकलेल्या आंब्यासारखं त्याच्या ओंजळीत पडलं होतं. तो माणूस ज्या राज्यात राहतो तिथं बर्फ पडत नसणार.

इथं रस्त्यावर मीठ टाकतात. नोव्हेंबर ते मार्च, टनांनी. आणि गंमत म्हणजे ते मीठ लांबून आणावं लागत नाही. खुद्द डेट्रॉइट शहराच्या खाली, साधारण ११०० ते १२०० फुटांवर, मिठाची खाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता, तो आटून त्याचे थर राहिलेत. वर मोटारींचे कारखाने, खाली मोटारी खाणारं मीठ. हबची कड पोलादी, तिला धरणारी घडण अॅल्युमिनियमची. दोन वेगळे धातू, त्यात खारं पाणी, अशी बारा वर्षं. आता त्यांच्यात कागद सरकवायला जागा उरली नव्हती. गंज सोडवणारं तेल मारलं, वाट बघितली, हातोडी घातली. परत तेल, परत हातोडी. दर ठोक्याला तांबूस पापुद्रे गळून पुठ्ठ्यावर रांगोळी पडत होती आणि हब तसंच. बारा वाजले. एक वाजला. खांद्यातून कळ निघायला लागली, आणि पंचेचाळीस हजार हा आकडा हळूहळू वाजवी वाटायला लागला.

शेवटी दादाला फोन लावला. दादा म्हणजे मामेभाऊ, शेतकऱ्याचा मुलगा, आयटीआय करून चिंचवडला एसकेएफमध्ये लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. सारा जन्म बेरिंगं घडवण्यात गेलेला माणूस. त्याच्याकडं रात्रीचे साडेदहा. लहानपणी सुट्टीत यायचा तेव्हा खिशातून चकचकीत छर्रे काढून द्यायचा, आणि आमच्या काचेच्या गोट्या त्यांच्यापुढं अगदी गरीब दिसायच्या. त्या छऱ्र्याची गोलाई केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकीही चुकलेली चालत नाही, हे तो तेव्हा सांगायचा आणि आम्ही ते छर्रे बेचकीत घालून चिंचा पाडायचो. कॅमेरा हबवर धरला. त्यानं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "बेरिंग आपणहून मरत नाही रे," म्हणाला, "पाणी मारतं, धूळ मारते, नाहीतर माणूस मारतो. खड्ड्यात जोरात गेलास ना? छऱ्र्यानं आतल्या वाटेवर खळगा पाडला, मग प्रत्येक फेरीला छर्रा त्या खळग्यात ठेचकाळतो. तोच तुझा आवाज." हे सगळं खरं, पण हे काढू कसं? "ठोकून नाही निघणार. मागं खेच." आणि मग लगेच, "आत्तीला दे की फोन." पुढची वीस मिनिटं माझ्या फोनवर वाळव्याकडच्या उसाच्या तोडीची आणि कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची चर्चा झाली. मी पुठ्ठ्यावर बसून गार चहा प्यायलो.

इथल्या सुट्या भागांच्या दुकानांत औजारं उसनी मिळतात. अनामत ठेवायची, वापरून परत करायचं, पैसे परत. वाटीभर साखर शेजाऱ्याकडून आणावी इतकं सोपं. मी सरकत्या वजनाचा हातोडा आणला. हबच्या बोल्टांवर त्याची थाळी आवळायची, दांड्यावरचं जड वजन दोन्ही हातांनी मागं झटकायचं. ते टोकावर आपटतं आणि हबला बाहेर ओढतं. दादा सांगत होता ते हेच. पहिल्या दहा झटक्यांना काही नाही. मग एका झटक्याला आवाज बदलला. इतका वेळ ठण्ण वाजत होतं, ते एकदम ठप्प वाजलं. कान आपोआप ताठ झाले. आणखी चार, आणखी तीन, आणि ते लाल-तपकिरी, खपल्या धरलेलं, दोन-अडीच किलोचं धूड माझ्या मांडीत येऊन पडलं. मी ते हातात घेऊन फिरवलं. खरखर. अगदी तीच. अडतीस वर्षांपूर्वी एका मुलानं बोटात घालून फिरवून दाखवलेली.

वळताना चाकावर आडवा दाब येतो, हे मी त्या मोकळ्या रस्त्यावर ऐकलं होतं. हा जुना प्रश्न आहे आणि तो मोटारींचा नाही, घोडागाड्यांचा आहे. हेन्री टिमकेन नावाचा सेंट लुईसचा बग्ग्या बनवणारा माणूस, जर्मनीहून आलेला. सरळ जाताना वजन वरून येतं आणि वळताना बाजूनं, दोन्ही पेलेल असं त्यानं निमुळत्या रोलरांचं बेरिंग काढलं आणि १८९८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. माझ्या हबमध्ये निमुळते रोलर नाहीत, तिरक्या कोनात बसवलेल्या छऱ्र्यांच्या दोन रांगा आहेत, पण हिशोब तोच. बैलगाडीवाल्यांनी असलं काही केलं नाही. लाकडी तुंब्यात लोखंडी आस, मध्ये वंगण, आणि वाजलं तर वाजू दे.

हे मी संध्याकाळी आईला सांगत होतो, बेसिनपाशी उभा राहून. म्हणजे पुढचं काम तोवर उरकलं होतं. जागा तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं घासून पांढरी केली, नवं हब बसवलं, आणि यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. नवी वस्तू आपल्या जागी गपकन बसते, तिला इतिहास नसतो. शेवटी आई परत ड्रायव्हरच्या सीटवर, परत स्लिपर बाहेर, परत रुंद पेडल. नट २२० न्यूटन-मीटरच्या जोरापर्यंत आवळला गेला आणि टॉर्कचा पाना टक् वाजला तेव्हा तिनं आतून विचारलं, "आता काय मोडलं?" या वेळी सोड म्हणायला मी विसरलो नाही.

तर हात. साबणानं निघेनात. नखांच्या कडा, बोटांच्या पेरांवरच्या रेषा, सगळं काळं. आई म्हणाली, "रॉकेल हाय का?" रॉकेल कुठलं असणार. मग तिनं गोडंतेल घेतलं, माझ्या तळहातावर ओतलं आणि बेसन टाकून चोळायला लागली. अठ्ठेचाळीस वर्षांचा मी, बेसिनपाशी हात पुढं करून उभा. चोळता चोळता म्हणाली, आबांचे असेच व्हायचे. आबा म्हणजे तिचे वडील. गाडीच्या साट्याखाली वंगणाचा नळा टांगलेला असायचा. उसाची खेप घेऊन निघायच्या आदल्या रात्री ते गाडीला एका बाजूनं टेकू द्यायचे, चाक आसावर बाहेर ओढायचे आणि बोटांनी वंगण माखायचे. ही आठ-नऊ वर्षांची. कंदील धरायची. "हलला कंदील की शिवी," म्हणाली. पुढं कारखान्याच्या टायरगाड्या आल्या, बेरिंगवाल्या. "मंग आवाजच गेला. आदी आबा पांदीत आले की घरात कळायचं, आय भाकरी टाकायची. टायरगाडी आली आन् आबा दारात उभं ऱ्हायलं तरी कळंना."

मग मी विचारलं. सकाळपासून टोचत होतं ते. "मग मला का म्हणालीस, हितं माणसं मिळत न्हाईत का?"

तिनं हात थांबवले नाहीत. "आबांकडं तरी कुठं हुती माणसं," म्हणाली. आणि जरा वेळानं, नळ सोडत, "म्हनून तर त्यांनी हापिसातला जावई बघितला. हात बघून दिली मला." बेसनाचं काळं पाणी बेसिनमध्ये फिरत खाली गेलं. पांढरपेशा हा शब्द मी आयुष्यभर वापरत आलो, त्यात पेशा ऐकला, पांढरा ऐकला. त्यामागं एक बाप असतो, लग्न ठरवायला बसलेला, मुलाचं शिक्षण आणि पगार ऐकता ऐकता त्याच्या नखांकडं बघत बसलेला, हे कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं. बाबा दोन पावलं मागं का उभे राहायचे याचं उत्तर मला त्यात थोडंफार सापडलं. मी फळीबद्दल जे बोललो त्याचं मात्र नाही सापडलं. ते माझं मीच बोललो होतो.

आणि आता मी हौसेनं हात काळे करतो. हौसच ती. सोमवारी ऑफिस आहे, आणि तिथं कुणी नखांकडं बघितलं तर सांगायला माझ्याकडं गोष्ट असेल, लोक कौतुक करतील. बारक्याच्या नखांना गोष्ट नव्हती.

हातोडा त्याच दिवशी परत करायचा होता. आई म्हणाली मीही येते, बघू तर दे काय केलंस. पुढच्या सीटवर बसली. दुकानाच्या काउंटरवर विशीतला एक मुलगा होता, त्यानं हातोडा उलटसुलट करून बघितला, मग माझ्या हातांकडं, आणि विचारलं, निघालं का? मी म्हटलं, निघालं. त्याच्या नखांच्या कडा माझ्यापेक्षा काळ्या होत्या आणि त्या बेसनानं जाणाऱ्या नव्हत्या. त्यानं अनामत परत केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

परत येताना घराकडं जायच्या ऐवजी मी आय-९६ ला लागलो. पन्नास, साठ, पासष्ट. रेडिओ बंद. खाली नुसती टायरांची सळसळ. उजवीकडचं वळण आलं आणि मी नकळत श्वास रोखला. काही नाही. इतकी शांतता, की इतके दिवस झाकले गेलेले सगळे बारके आवाज वर आले. हातमोज्यांच्या कप्प्यात कशाची तरी किरकिर, मागच्या काचेपाशी एक बारीकशी शिट्टी, आईच्या बांगड्या. ती खिडकीबाहेर बघत होती. पाय सरळ ताणलेले, उजवा पाय जरासा पुढं, पेडल नसलेल्या जागी ठेवलेला.

मी आमच्या एक्झिटसाठी सिग्नल दिला. टिक-टिक सुरू झाली.

"आलं व्हय घर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, हा पुढचाच.

"ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली, "आजून एक फेरी मार."

मी सिग्नल बंद केला आणि एक्झिट जाऊ दिला.